धुण्याच्या पिशव्या

रविवारची प्रार्थना आटोपून सेइपाती बेरिया वस्तीचा चढ चढून घरी आली, तर फाटकाच्या कुलपात तिची किल्ली जाईना. तिने किल्ली बाहेर काढली, स्कर्टला पुसली, पुन्हा घातली. मग तिच्या ध्यानात आलं, कुलूपच निराळं होतं. पितळी, जाडजूड, नवंकोरं. आत, जिथे म्हातारा पेट्रस वॉचमन रोज स्टुलावर बसून रेडिओ ऐकायचा, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत एक चाळिशीचा धिप्पाड माणूस पाय पसरून बसला होता. पेट्रसचं स्टूल आडवं पडलं होतं. रेडिओ कुठे दिसत नव्हता.

“कोण पाहिजे, मा?” त्या माणसाने विचारलं.

“मी इथे राहते. कोण पाहिजे हे मी तुला विचारायचं.”

“मी दुमी.” त्याने उठायची तसदी घेतली नाही. बसल्या जागेवरून हात लांबवून कुलूप काढलं. “बिल्डिंगचा मालक बदलला. आत जा. चेअरमन थांबलेत तुमच्यासाठी.”

जोहान्सबर्गच्या त्या भागात हे वाक्य कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. मागच्या गल्लीतल्या दोन इमारती अशाच गेल्या होत्या. असली माणसं चोरासारखी अंधारात येत नाहीत. भर दुपारी येतात, पाचसहा जण, हातात शिक्के मारलेले कागद आणि मोटारीत हातोडे. कुलपं बदलतात, आणि दुसऱ्या दिवसापासून भाडं त्यांचं. खरा मालक कोर्टात जातो आणि तिथेच म्हातारा होतो.

चेअरमन लिफ्टजवळ उभा होता. मबुझा त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, टोकदार चकचकीत बूट, आणि आवाज असा मऊ की जणू मयताच्या घरी भेटायला आलाय. त्याने सेइपातीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मा, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. पोरांची आईच तुम्ही. तुमची खोली तुमचीच राहील, काम तुमचंच राहील. फक्त भाडं आता माझ्याकडे यायचं. आणि एक सांगून ठेवतो. ज्याला खोली सोडायची असेल त्याने आधी समितीचे पैसे चुकते करायचे. तोवर सामान इथून हलणार नाही. माणसं येऊ देत, जाऊ देत. सामान नाही.”

“कसले पैसे? मुलांनी वर्षाचं भाडं भरलंय.”

“ते जुन्या मालकाला. मला कुठे?”

“पेट्रस कुठाय?”

“म्हातारं माणूस. पायऱ्यांवरून पडले बिचारे. दवाखान्यात पोचवलंय.”

मबुझाच्या मागे तिघे भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एक बुटाची नाडी बांधायला वाकला, त्याचा शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल सेइपातीला दिसलं. तिने मान डोलावली. आपल्या खोलीत गेली, कडी घातली आणि डोक्यावरची प्रार्थनेची पांढरी टोपीसुद्धा न काढता पलंगावर बसून राहिली.  

हॅझलडीन कोर्टशी तिचं नातं पस्तीस वर्षांचं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती क्वाक्वाच्या डोंगरातून इथे आली, चौथ्या मजल्यावरच्या एका गोऱ्या म्हातारीकडे मोलकरीण म्हणून. तेव्हा अशा इमारतींत मोलकरणींना गच्चीवर ठेवत. खुराड्यांसारख्या खोल्यांची रांग, आणि खिडक्या इतक्या उंच की आभाळाशिवाय काही नजरेला पडू नये. मग राज्य बदललं, गोरी माणसं एकेक करून उत्तरेकडच्या उपनगरांत निघून गेली. इमारतीला अवकळा आली, लिफ्ट बंद पडली, नळ कोरडे झाले. सेइपाती मात्र टिकून राहिली. जायला दुसरीकडे कुठे होतं? नवरा खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला, मूलबाळ झालं नाही. पुढे ग्रोब्लर नावाच्या एका माणसाने इमारत मातीमोलाने घेतली, रंग दिला, विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने द्यायला लागला. पोरांवर लक्ष ठेवायला बाईमाणूस हवं होतं. इमारतीचा एकूण एक नळ ओळखणारी सेइपाती त्याला आयतीच मिळाली.

तिची जीभ फटकळ होती. स्वयंपाकघरात खरकटी भांडी टाकून गेलेल्याचं नाव ती जिन्यात उभी राहून सातही मजल्यांना ऐकवायची. पण जानेवारीत नवी पोरं यायची, लिम्पोपोच्या नाहीतर ईस्टर्न केपच्या कुठल्या खेड्यातून, आणि पहिल्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून रडायची, तेव्हा मक्याची गरम पेज घेऊन दारात उभी राहणारीही तीच. पोरं तिला ‘मा’ म्हणत. तिलाही ती अगदी आपली वाटत.

आता ती सगळी पोरं दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गोळा झाली होती. परीक्षा तोंडावर आलेल्या. कुणी रडत होतं, कुणी घरी फोन लावत होतं, आणि सगळे एकदम बोलत होते.

“मा, ते पाच आहेत, आपण तीस,” आयाबोंगा म्हणाला. कायदा शिकणारा उंच, काटकुळा मुलगा. रागावला की त्याच्या मानेची शीर तटतटायची. “खाली जाऊन एकेकाला बाहेर फेकू.”

“आणि त्यातल्या एकाने गोळी घातली म्हणजे? तुझ्या आईला काय सांगू मी? तुमचा मुलगा खटला जिंकला म्हणून?”

“मग पोलिसांना बोलवा!”

पोलिसांना बोलावलं होतं. गाडी आलीही. दोन शिपाई उतरले, मबुझाचे कागद उलटेपालटे करून पाहिले, त्याच्याशी काहीतरी बोलून हसले आणि जाताना सेइपातीला म्हणाले, “मालकीचा वाद आहे, मा. कोर्टाचं काम.” केपटाऊनला राहणाऱ्या ग्रोब्लरने चौथ्या फोनला उत्तर दिलं: वकिलाशी बोलतोय, चारसहा महिने लागतील, तोवर सांभाळून घ्या. कॉलेजच्या वसतिगृह कचेरीतली बाई भली होती. ती म्हणाली, ती इमारत आम्ही यादीतून काढली, मुलांना दुसरीकडे जागा देते, कधीही या. फक्त सामान तुमचं तुम्ही आणा.

“सामान गेलं खड्ड्यात,” कुणीतरी म्हणालं.

“तुझं गेलं तरी चालेल,” रोफिवा कोपऱ्यातून म्हणाली. ही वेंडाकडची, बुटकी, अबोल, घरबांधणीचं शिक्षण घेणारी मुलगी. “माझ्या लॅपटॉपचे हप्ते माझी आजी पेन्शनमधून फेडते.”

 जवळपास प्रत्येकाच्या मागे अशी एखादी आजी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाने पाठीवर बॅग टाकून सरळ बाहेर जायचा प्रयत्न केला. दुमीने बॅग उघडली, वरच दोन जोडी बूट आणि इस्त्री दिसली. बॅग राहिली आत आणि पोराच्या कानशिलात बसली ती वर. सेइपाती जिन्यातून पाहत होती. त्याच्या मागोमाग फुटबॉल खेळणारा एक मुलगा धुण्याची मोठी चौकडीची पिशवी घेऊन आला. इमारतीतली यंत्रं कधीची मोडली होती, म्हणून पोरं धुणं समोरच्या बेयाच्या लाँड्रीत नेत. दुमीने तीही पिशवी उघडली, हात घातला, आणि आठवडाभर भिजून वाळलेले मोजे बाहेर काढले.

“शी! अरे काय मेलंय यात?” त्याने हात झटकला, खुर्चीला पुसला. “जा, जा! ने ते लांब!”

सेइपातीचा पाय पायरीवरच थबकला.

दुपारी ती बेयाकडे गेली. बेया लुबुम्बाशीहून आलेली, बारा वर्षं इथे दुकान चालवणारी. दोनदा तिचं दुकान लुटलं गेलं होतं, ‘परदेशी, परत जा’ असं शटरवर लिहूनही झालं होतं. सेइपातीने हळू आवाजात सगळं सांगितलं. बेया चादरीवर इस्त्री फिरवत राहिली.

“ते माझं दुकान जाळतील,” ती म्हणाली.

“हो. जाळू शकतात.”

“निदान खोटं तरी बोलायचं, सेइपाती!”

“तुझ्याशी?”

बेयाने इस्त्री उभी ठेवली. रस्त्यापलीकडे फाटकाच्या आत दुमी दात कोरत बसला होता.  “मी कपडे धुते,” तिकडे बघत ती म्हणाली. “पिशवीत काय असतं ते मी बघत नाही. आणि मागच्या खोलीचं कुलूप मोडकंच आहे.”

त्या दिवसापासून हॅझलडीन कोर्टच्या पोरांना स्वच्छतेचं वेड लागलं. पिशवीच्या तळाशी पुस्तकं, प्रमाणपत्रांची फाईल, पातेलं, बूट. त्यावर घामट कपडे. आणि अगदी वर, दुमीच्या नाकासाठी, ते प्रसिद्ध मोजे. तेच मोजे पाळीपाळीने सगळ्यांच्या पिशव्यांवरून फिरत होते. येताना पिशवी रिकामी दिसायला नको, म्हणून बेयाने इस्त्री केलेल्या चादरींचा एक गठ्ठा ठरवून ठेवला होता. चादरी आत यायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या पिशवीत चुरगळून बाहेर जायच्या. लाँड्रीच्या मागच्या बोळात चर्चमधल्या एका भावाचा छोटा टेम्पो एक दिवसाआड लागायचा आणि सामान मुलांच्या नव्या जागी पोचवायचा.

नियम सेइपातीने घालून दिले. घाई करायची नाही. दोघांनी एकदम जायचं नाही. दुमीशी रोजच्यासारखं बोलायचं. आणि सामान गेलं तरी झोपायला इथेच यायचं, शेवटच्या दिवसापर्यंत. एक जरी कमी झाला तरी बाकीचे अडकले.

आयाबोंगाला हे पटत नव्हतं. “भित्र्यासारखं पळायचं. माझ्या हक्काच्या जागेतून मी माझेच बूट चोरून नेतोय, मा.”

“ने. डिग्री मिळव, आणि मग मबुझाला कोर्टात खेच. आत्ता हे पातेलं घे. आणि तोंड असं करू नकोस, धुणं न्यायला निघालायस, लढाईवर नाही.”

दिवस जात होते तसतशी तिची धास्ती वाढत होती.  जिन्यात पाऊल वाजलं की ती दचकायची. एकदा मबुझा तिला म्हणाला, “पोरं फार कपडे धुतात हो तुमची.” ती म्हणाली, “परीक्षेत घाम फुटतो.” तो हसला, पण त्याचे डोळे तिच्या तोंडावर नको तितके रेंगाळले.

शुक्रवारी तो एका बाईला घेऊन आला. खोल्या दाखवायच्या होत्या. एकेका खोलीत पाचपाच खाटा बसवून नवे भाडेकरू भरायचा त्याचा बेत होता. “मा, किल्ल्या घ्या. वरून सुरुवात करू.”

 सातव्या-सहाव्या मजल्यावरच्या खोल्या अजून भरलेल्या होत्या. पण तिसरा मजला जवळजवळ मोकळा झाला होता. कपाटांत वर्तमानपत्रं आणि पलंगांवर पांघरुणाखाली खोकी.

तिने किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि जमेल तितक्या हळू पायऱ्या चढली. गुडघा धरून दर मजल्यावर थांबली. सातवा झाला, सहावा झाला. ती बाई भिंती ठोकून पाहत होती, पाणी किती वेळ येतं ते विचारत होती. पाचवा, चौथा. तिसऱ्या मजल्यावर येईस्तो सेइपाती डाव्या हाताचं कोपर खाजवायला लागली होती. आधी थोडं, मग जोरात.

“काय झालं, मा?” मबुझाने विचारलं.

“काही नाही. ढेकूण. या मजल्यावर फार झालेत. पोरांनी गाद्या उन्हात घातल्या, औषध मारलं, तरी हटत नाहीत. भिंतीतूनच येतात मेले.” तिने दारात किल्ली घातली. “या ना, आत या. फक्त पलंगाला टेकू नका. शिवणीत बसतात, मग तुमच्याबरोबर घरी येतील.”

बाई दोन पावलं मागे सरली. मबुझाने आपल्या बुटांकडे पाहिलं. सेइपातीने दार वीतभर उघडलं आणि ती कचाकचा मान खाजवत उभी राहिली.

“राहू दे,” मबुझा म्हणाला. “खोल्या सगळ्या सारख्याच आहेत.”

ती दोघं खाली उतरून गेली. सेइपातीने त्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून तशीच घसरत खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. कोपर मात्र खरंच सोलवटून निघालं होतं.

पुढच्या आठवड्याच्या मध्यापर्यंत सगळ्यांचं सगळं बाहेर पडलं होतं. राहिलं ते फक्त रोफिवाचं घर.

घर म्हणजे पुठ्ठ्याचं. तिच्या शेवटच्या परीक्षेचं काम: गावाकडच्या शाळेचा नमुना. दोन हात लांब, पातळ लाकडाच्या पट्ट्यांचं छप्पर, आत इवलीइवली बाकं, अंगणात स्पंजची झाडं. तीन महिने ती त्यावर बसली होती. ते गुरुवारी सकाळी कॉलेजात पोचवायचं होतं.

“मोडून ने, तिकडे पुन्हा जोड,” आयाबोंगा म्हणाला.

रोफिवाने दोन्ही हात छपरावर आडवे धरले. 

“गप बस रे,” सेइपाती म्हणाली. “हे पिशवीत जायचं नाही. हे उघड्यावरून जाईल.”

बुधवारी दुपारी एका बाजूने रोफिवा आणि दुसऱ्या बाजूने सेइपाती अशा दोघी ती शाळा घेऊन जिना उतरल्या. दुमी खुर्चीतून उठला. हा माणूस उठलेला सेइपातीने तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“सामान नाही, मा. तुम्हाला माहितीय.”

“हे सामान नाही, हा तिचा पेपर आहे.”

“एवढा मोठा पेपर?” त्याने वाकून आत पाहिलं. “ही बाकं तूच केलीस? आणि पोरं आत शिरणार कुठून?”

“इकडून,” रोफिवा म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला. “आणि पाऊस आला तर या ओट्यावर बसायचं.”

दुमीने ओट्याला बोट लावून पाहिलं. तेवढ्यात बाहेर मोटार थांबली आणि मबुझा उतरला.

“हे काय?” त्याचा आवाज या वेळी मऊ नव्हता.

सेइपातीने आदल्या दिवसापासून हे वाक्य मनात घोळवलं होतं.   “परीक्षेचं काम आहे. उद्या सकाळी नाही पोचलं तर ही नापास. नापास झाली की शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती बंद झाली, तर पुढल्या वर्षी तुम्हाला भाडं कोण देणार? हिची आजी?”

मबुझाने शाळेकडे पाहिलं, रोफिवाकडे पाहिलं, मग सेइपातीकडे. रस्त्यावरून एक टॅक्सी हॉर्न वाजवत गेली. आणि तो एकदम खदखदून हसला.

“मा, तुम्ही माझ्या समितीत हव्या होतात! दुमी, बघत काय राहिलास? उचल. म्हाताऱ्या बाईला ओझं उचलायला लावतोस?”

याचा विचार सेइपातीने केला नव्हता. तिने नको नको म्हणेपर्यंत दुमीने ती शाळा लहान मुलासारखी हातांवर घेतली आणि रस्ता ओलांडायला निघाला. “कुठे ठेवू? टॅक्सी येईपर्यंत लाँड्रीत ठेवतो, वारा फार आहे.”

“बाहेरच ठेव!” ती मागून धावली. “बाहेरच—”

लाँड्रीच्या पुढच्या भागात ओल्या कपड्यांचे ढीग होते. शाळा मावेल एवढी जागा नव्हती. बेया काही बोलण्याआधीच दुमीने मागचं दार पायाने ढकललं.

आत भिंतीपर्यंत चौकडीच्या पिशव्या रचलेल्या होत्या. गाडी संध्याकाळी येणार होती. पिशव्यांवर पातेली, किटली, एक गिटार, आयाबोंगाची कायद्याची जाडजूड पुस्तकं. आणि सगळ्यांत वर, ते मोजे.

दुमीने शाळा अलगद जमिनीवर टेकवली. मोज्यांकडे पाहिलं. मग सेइपातीकडे वळला. बेयाच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली होती आणि करपल्याचा वास सुटला होता. रोफिवा दारात उभी होती.

“मा,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही मला चांगलंच वेड्यात काढलंत.”

 सेइपाती खरं तेच बोलली. “दुसरं काय करणार होते मी, भावा?”

दुमी जबडा चोळत उभा राहिला. “तुमच्या खोलीत फ्रिज आहे, तो तर इथेच राहील,” तो म्हणाला.

“आहे.”

“चालू?”

“दरवाजा थोडा उचलून लावावा लागतो.”

“आणि टीव्ही?”

“आहे.”

“मी इथे आलोच नाही,” दुमी म्हणाला. “टॅक्सी दारात होती, तिच्यात ठेवून परत गेलो.” जाता जाता तो रोफिवापाशी थांबला. “तो ओटा जरा रुंद कर. पोरं रेटारेटी करतात.” आणि रस्ता ओलांडून आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

गुरुवारी पोरं एकेक करून बाहेर पडली. कुणी परीक्षेला, कुणी ग्रंथालयात, कुणी पाव आणायला. हातांत काही नाही. जिन्यात त्यांनी तिला मिठी मारायची नाही, मागे वळून बघायचं नाही, असं तिने बजावलं होतं. तरी एकदोघींनी वळून पाहिलंच. आयाबोंगा सगळ्यांत शेवटी गेला. “तुम्ही आधी चला,” तो म्हणत होता. तिने त्याला शब्दशः ढकललं.

मग ती उरली. गुरुवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असते, हे मबुझाच्या माणसांनाही ठाऊक होतं. तिने लाल झगा घातला, पांढरी कॉलर लावली, टोपी घातली. हातात बायबल आणि रोजची पर्स. फ्रिजमध्ये काल रांधलेली चवळी होती. पलंगावर तिच्या आईने विणलेलं पांघरूण होतं, ते तिने पहिल्या दिवसापासून न्यायच्या सामानात धरलंच नव्हतं. आता मात्र त्याच्यावरून हात फिरवताना तिचा धीर सुटायला लागला, म्हणून ती झटकन बाहेर पडली.

फाटकाशी मबुझाच उभा होता.

“आज बिल्डिंग फार शांत आहे, मा.”

“परीक्षा,” ती म्हणाली. “पोरं ग्रंथालयात झोपतात हल्ली.”

तो तिच्या टोपीकडे, बायबलाकडे बघत राहिला. दुमी कुलपाशी चाळा करत होता. त्याने मान वर केली नाही. 

“प्रार्थनेला चाललात,” मबुझा म्हणाला. “माझी आईही लाल झगा घालायची.” मग इकडेतिकडे बघून, “माझ्यासाठीही एक शब्द टाका, मा.”

“टाकते,” ती म्हणाली.

दुमीने फाटक उघडलं. ती चढावरून खाली निघाली, नेहमीच्या चालीने, गुडघा धरत. कोपऱ्यावर वळल्यावर तिला चालवेना. एका संत्रीवालीने तिला आपल्या खोक्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

प्रार्थनेला ती खरोखरच गेली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिने मबुझाचं नाव घेतलं, आणि पुढे काय मागावं ते तिला सुचलं नाही. तिने फक्त नाव घेतलं आणि सोडून दिलं.

संध्याकाळी मबुझाचे फोन सुरू झाले. आधी मऊ आवाजात, मग नाही. तिने फोनचं कार्ड काढून गटारात टाकलं. त्यांनी बेयाची काच फोडली. आग लावली नाही, पण बेयाने आठवडाभर दुकान उघडलं नाही. आयाबोंगा आणि फुटबॉलवाला काचा झाडायला गेले, तर बेया त्यांच्यावर खेकसली, आणि मग तिने दोघांना बसवून जेवू घातलं. सेइपातीने तिची माफी मागितली. “माग,” बेया म्हणाली, “मागायलाच हवी,” आणि चहा ओतला. पेट्रसचा हात प्लास्टरमध्ये होता. तो बरा होऊन लिम्पोपोला मुलाकडे गेला तो गेलाच. रोफिवा पास झाली. दोघे नापास झाले, पण ते नाहीतरी झालेच असते.

हॅझलडीन कोर्टचा खटला अजून चालू आहे. तिथे आता कुटुंबं राहतात, एकेका खोलीत दोनदोन, पडदे लावून. टॅक्सीतून जाताना सेइपाती बाल्कन्यांतली लहान मुलांची झबली बघते. त्या लोकांचा तिला राग येत नाही. त्यांना दुसरं कोण जागा देणार होतं?

ब्रिक्स्टनमध्ये एका निवृत्त शिक्षिकेचं मोठं घर आहे, तिथे बारा मुली राहतात. सेइपाती आता त्यांच्याकडे बघते. तिची खोली लहान आहे, फ्रिज नाही. गेल्या फेब्रुवारीत गियानीहून एक आई आपल्या मुलीला घेऊन खोली बघायला आली. रात्रभर बसने प्रवास करून आलेली, पाय सुजलेले. खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, आणि मुलगी बाजूला झाल्यावर तिने हळूच विचारलं, “मा, इथे सुरक्षित आहे ना?”

पूर्वी सेइपातीने पटकन हो म्हटलं असतं. हॅझलडीन कोर्टमध्ये पोरं सांभाळताना नऊ वर्षं ती तसंच म्हणत आली होती.  आता ती त्या बाईचा हात धरून तिला स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे कुंपणात एक छोटं लोखंडी दार होतं, पलीकडच्या गल्लीत उघडणारं.

“हे दार आतून कधीही उघडतं,” ती म्हणाली. “किल्ली प्रत्येक मुलीकडे असते. मी तुम्हाला एवढंच दाखवू शकते.”

त्या बाईने पुढे होऊन कडी स्वतः काढून पाहिली, लावून पाहिली, पुन्हा काढली. मग तिने मुलीला हाक मारली आणि बॅगा आत आणायला सांगितल्या.